वस्ताद खरा कशावरून?

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की कुर्ल्यात कराटे क्लासची पत्रके फिरू लागतात. नेहरूनगर, कामगारनगर, चुनाभट्टी किंवा पश्चिमेला एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्ल्या, कुठेही जा. शाळेच्या फाटकाजवळ आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तीच बिरुदे वाचायला मिळतात. ‘सहावा डॅन ब्लॅक बेल्ट’, ‘इंटरनॅशनल गोल्ड मेडलिस्ट’, ‘जपानमधून प्रशिक्षित’, ‘कमांडो ट्रेनर’. वर्ग भरतात शाळेच्या हॉलमध्ये, इमारतीच्या गच्चीवर नाहीतर उद्यानाच्या कोपऱ्यात. मुलाला शिस्त लागावी आणि मुलगी उद्या एकटी लोकलने जाऊ-येऊ लागली की तिने घाबरू नये, एवढीच बहुतेक पालकांची अपेक्षा असते.

चार-सहा महिने गेले की क्लास सुटण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या पालकांत चर्चा सुरू होते. ‘सर थेट जपानी गुरूंकडे शिकलेत,’ एक जण सांगतो. ‘अहो, पण सर्टिफिकेट त्यांच्याच संघटनेचं आहे ना,’ दुसऱ्या बाई म्हणतात. तेवढ्यात एखादा जुना विद्यार्थी ऐकवतो की सरांना त्यांच्या गुरूंनी केव्हाच दूर केले आहे. प्रत्येकाजवळ थोडे खरे असते आणि तरीही निकाल लागत नाही. कारण इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. या माणसाला स्वतःला किती येते? तो कोणाकडून शिकला? आणि आपले मूल त्याच्या हाती द्यावे का? पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि दुसऱ्याचे तिसऱ्याला तर मुळीच नाही. ते सुटे करून पाहिले तर हा वाद निकाली काढता येतो, आणि तो कसा काढायचा याची रीत महाराष्ट्राच्या तालमींनी फार पूर्वीच घालून दिली आहे.

आखाड्यातला निवाडा

दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली बाळंभटदादा देवधरांची कथा मल्लखांब करणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पेशव्यांच्या दरबारात आले आणि त्यांनी जोड मागितली. कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटदादांनी आव्हान स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर अनुष्ठान केले. तिथे त्यांना हनुमंताचा दृष्टांत झाला आणि लाकडी खांबावरचे डाव दिसले, अशी परंपरा सांगते. परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली.

इतिहासाच्या अंगाने पाहिले तर मल्लखांब त्याहून जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख येतो. बाळंभटदादांनी ही विद्या नव्याने उभी केली, पुढे काशीपर्यंत नेली आणि शिष्य तयार केले, हे त्यांचे खरे कर्तृत्व. पण या कथेतला निवाडा कसा झाला तेही पाहण्यासारखे आहे. दृष्टांतावर ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे विश्वास ठेवला असेल. कुस्तीचा निकाल मात्र सगळ्या दरबाराने डोळ्यांनी पाहिला. गुरुपरंपरेला दैवी उगम असला तरी तिला आखाड्यातून सूट नव्हती.

पुण्याच्या गंजपेठेतल्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीचेही तसेच. लहुजी १७९४ साली जन्मले आणि १८८१ मध्ये वारले. त्या काळात मातंग समाजातल्या माणसाच्या पाठीशी राजाश्रय नव्हता, ग्रंथ नव्हते, कोणाचे शिफारसपत्र नव्हते. तरी जोतीराव फुले त्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकायला गेले, कारण लहुजींची विद्या तालमीत रोज दिसत होती. बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान उस्तादांची गादी माणिकराव या मराठी शिष्याकडे आली, आणि ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ हे नाव लावून माणिकरावांनी आपण कोणाचे शिष्य आहोत ते दारावरच लिहून ठेवले. परंपरा सांगण्याची ही निकोप पद्धत आहे. गुरूचे नाव उघड, शिष्याचे काम उघड, आणि दोन्ही तपासायला तालमीचे दार उघडे.

कुस्तीत आजही तेच चालते. मैदानात पुकारा होतो तेव्हा पैलवानाच्या नावाआधी त्याच्या वस्तादाचे किंवा तालमीचे नाव येते. अमक्या वस्तादांचा पठ्ठा हरला तर वस्तादांचे नावही खाली येते. वस्तादाची पत पठ्ठ्याच्या पाठीवर बांधलेली असल्याने तिथे खोटेपणा फार दिवस टिकत नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सू, बॉक्सिंग, ज्युदो या प्रकारांतही हीच सोय आहे. रोजच्या सरावातच समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करतो, त्यामुळे कोणाला काय येते ते आठवड्याभरात कळते. वाद रंगतात ते जिथे असा रोजचा विरोध नसतो तिथे.

पट्ट्यांचा इतिहास आणि प्रमाणपत्राचे वाचन

आता कराटेकडे येऊ. ब्लॅक बेल्ट ही हजारो वर्षांची परंपरा आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात ती दीडशे वर्षांचीही नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदोची कोदोकान ही संस्था काढली आणि १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. डॅनची, म्हणजे वरच्या दर्जाच्या श्रेण्यांची, कल्पना त्यांनी ‘गो’ या बैठ्या खेळातून घेतली होती. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा हे मधले रंग १९३० च्या दशकात मिकोनोसुके कावाइशी या ज्युदो शिक्षकाने पॅरिसमध्ये रुळवले, कारण युरोपातल्या विद्यार्थ्यांना आपली प्रगती डोळ्यांना दिसायला हवी होती. कराटे तर मूळ ओकिनावा बेटावरचे. गिचिन फुनाकोशी ते १९२२ मध्ये टोकियोला घेऊन गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी आपल्या शिष्यांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले. फुनाकोशींच्या स्वतःच्या गुरूंनी, आसातो आणि इतोसू यांनी, त्यांना कोणताही डॅन दिलेला नव्हता. त्या पिढीत ती पद्धतच नव्हती. आधुनिक कराटेचा पाया घालणारा माणूस ज्ञानाच्या आणि शिष्यांच्या बळावर उभा राहिला, पट्ट्याच्या नव्हे.

याचा अर्थ पट्टा निरर्थक असा नाही. पट्ट्याची किंमत तो देणाऱ्या संस्थेइतकी असते, एवढाच. ज्युदोला कोदोकान आहे. जागतिक तायक्वांदोला सोलमधले कुक्कीवॉन आहे. ते १९७२ मध्ये उभे राहिले, त्याच्या प्रत्येक डॅन प्रमाणपत्राला क्रमांक असतो आणि तो क्रमांक त्यांच्याकडे पडताळता येतो. कराटेला असे एकच घर नाही. शोतोकान, गोजू-रयू, शितो-रयू, वादो-रयू, क्योकुशिन या शैली वेगळ्या, प्रत्येकीत अनेक संघटना, आणि प्रत्येक संघटनेला आपला डॅन देण्याचा हक्क. आपल्याकडे कराटेचा क्लास काढायला वेगळा परवाना लागत नाही. संस्था नोंदवणे फारसे अवघड नाही आणि नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणून तिचे काम परदेशात चालते असेही नाही. त्यामुळे एखाद्याने स्वतःच संघटना काढून, स्वतःच तिचा अध्यक्ष होऊन, तिच्याच शिक्क्याने स्वतःला वरचा डॅन दिला तर त्याला अडवणारे कोणी नसते.

म्हणून भिंतीवरचे फ्रेममधले प्रमाणपत्र वाचायला शिकले पाहिजे. सोनेरी किनार, ड्रॅगन, जपानी अक्षरे यांवरून नजर खाली आणावी. देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव आणि शहर आहे का? क्रमांक आहे का? तारीख आहे का? सही कोणाची आहे, आणि सही करणारा व ज्याला मिळाले तो एकच माणूस तर नाही? शैलीचे नाव लिहिले आहे, की नुसतेच ‘मार्शल आर्ट्स’? मग मागचे प्रमाणपत्र पाहावे. सहावा डॅन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पहिला, दुसरा, तिसराही असायला हवा, आणि त्यांच्या तारखांत अंतर असायला हवे.

हे अंतर फार बोलके असते. कुक्कीवॉनच्या नियमात पहिल्या डॅननंतर दुसऱ्यासाठी किमान १ वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी २, चौथ्यासाठी ३, पाचव्यासाठी ४ आणि सहाव्यासाठी ५ वर्षे थांबावे लागते. बेरीज १५ वर्षे. कराटेच्या जुन्या संघटनाही अशीच वर्षे मोजतात. म्हणजे सोळाव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळालेला माणूस तिशी ओलांडण्याआधी सहाव्या डॅनवर पोहोचला असेल, तर मधली वर्षे कुठे गेली हे विचारायला हवे. त्याला कदाचित रास्त उत्तर असेल. उत्तर काय येते, आणि ते कोणत्या सुरात येते, दोन्ही उपयोगी पडते.

परंपरेच्या कथा

गुरुपरंपरेचा वाद चिघळतो तो दोन टोकांवर. एका टोकाला प्राचीनतेचा दावा असतो. आपल्याकडच्या अनेक वर्गांत सांगितले जाते की भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माने शाओलिन मठात युद्धकला शिकवली, आणि तिथून कराटेपर्यंत सगळे आले. अभिमान वाटावा अशी ही कथा आहे. तिचा मुख्य आधार असलेला ‘यी जिन जिंग’ हा ग्रंथ मात्र १६२४ च्या सुमाराचा आहे आणि त्याला जोडलेली जुन्या काळातल्या सेनापतींची प्रस्तावना बनावट आहे. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यातल्या चुका दाखवून दिल्या. शाओलिनच्या मुष्टियुद्धाशी बोधिधर्माचे नाव घट्ट जोडले गेले ते १९०४ ते १९०७ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या एका लोकप्रिय चिनी कादंबरीनंतर. जो शिक्षक ही कथा ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणून सांगतो त्याच्याबद्दल माझा आदर वाढतो. जो तिच्यातून थेट स्वतःपर्यंतची साखळी काढतो त्याच्याकडे मधली नावे मागावीत.

आपल्या मर्दानी खेळांनाही हीच कसोटी लावायला हवी, कारण त्यांच्यावर आपले प्रेम आहे. दांडपट्टा, विटा, भाला, लाठी ही शिवकाळातली खरी शस्त्रे आहेत. पण १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले, आणि ही विद्या तालमींत खेळ, व्यायाम आणि मिरवणुकीतले प्रात्यक्षिक म्हणून जगली. कोल्हापुरातल्या पेठांच्या तालमींनी ती जपली, हे त्यांचे मोठे ऋण आहे. दीडशे वर्षे खेळ म्हणून वाढलेल्या प्रकाराचे आजचे हात रणांगणावरून जसेच्या तसे उतरले आहेत असे म्हणण्याची गरज नाही. तालमींनी जे केले तेच पुरेसे मोलाचे आहे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ प्रसिद्ध केला. जे तोंडी चालत आले होते ते कागदावर आणून सगळ्यांपुढे ठेवणे ही परंपरेची खरी सेवा होती.

दुसऱ्या टोकाला अलीकडच्या फाटाफुटीचा वाद असतो. क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सू ओयामा १९९४ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रावरून वारसाचा वाद पेटला, मृत्युपत्राचे प्रकरण जपानच्या न्यायालयात गेले, आणि एका संघटनेच्या अनेक संघटना झाल्या. आज त्यांतली प्रत्येक ओयामांचे नाव लावते. मुंबईत कराटे रुजवणाऱ्यांत परवेझ मिस्त्री आणि विस्पी कापडिया यांची नावे घेतली जातात, आणि शहरातले अनेक शिक्षक दोन-तीन पिढ्यांनी त्या पहिल्या वर्गांपर्यंत पोहोचतात. इतक्या वर्षांत गुरू-शिष्य वेगळे झाले असतील, संघटना बदलल्या असतील, तर त्यात नवल नाही. शिष्य गुरूपासून वेगळा झाला म्हणजे तो खोटा ठरत नाही. त्याने वेगळे झाल्याचे लपवून जुन्याच संस्थेचा शिक्का वापरला, तर मात्र ती फसवणूक आहे.

कौले फोडणे म्हणजे कौशल्य का?

वार्षिक समारंभात सर मंगलोरी कौलांची चळत कोपराने फोडतात, पोटावरून मोटारसायकल नेतात, खिळ्यांच्या फळीवर झोपतात. टाळ्या पडतात, आणि सरांना किती येते हा प्रश्न पालकांच्या लेखी तिथेच मिटतो.

यामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. मायकेल फेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये कराटेच्या प्रहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. कसलेल्या खेळाडूचा हात सेकंदाला १० ते १४ मीटर वेगाने खाली येतो, आणि हाडाची ताण सोसण्याची ताकद काँक्रीटच्या कितीतरी पट असते. योग्य जागी, योग्य वेगाने मारले तर फुटते ते काँक्रीट, हाड नव्हे. कौल तर त्याहून ठिसूळ. ते दाब सोसते, वाकणे सोसत नाही. दोन्ही टोकांना टेकू देऊन मधे मारले की खालच्या बाजूने तडा जातो. चळतीत दोन कौलांमध्ये लाकडी पट्ट्या घालून फट ठेवली की सगळी कौले एकदम मोडावी लागत नाहीत. एक मोडते, ते खालच्यावर आदळते आणि तेही मोडते. खिळ्यांच्या फळीवर शरीराचा भार शेकडो टोकांवर वाटला जातो. यात धैर्य लागते, तंत्र लागते, आणि हयगय झाली तर हात मोडतो. पण कौल उलट मारत नाही, हलत नाही, घाबरवत नाही. कौल फोडणे ही प्रहाराची परीक्षा आहे. हलत्या, विरोध करणाऱ्या माणसासमोर काय जमते ते तिच्यातून कळत नाही.

पदकांचेही असेच वाचन करावे लागते. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत कुमिते म्हणजे नियंत्रित स्पर्शाचा, गुणांचा खेळ. डोक्यावरच्या नेमक्या लाथेला ३ गुण, पोटावरच्या लाथेला २, ठोशाला १. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, पण चेहऱ्यावर हाताने ठोसा मारायला बंदी. कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सादरीकरणात, प्रतिस्पर्धीच नसतो. तिन्ही खडतर आहेत आणि तिन्हींतले सुवर्ण वेगळे आहे. एखाद्याने ‘आंतरराष्ट्रीय सुवर्ण’ सांगितले तर स्पर्धा कोणत्या संघटनेची, कोणत्या साली, कोणत्या शहरात, कोणत्या गटात आणि त्या गटात खेळाडू किती, एवढे विचारले की पदकाचे वजन कळते. दोन खेळाडूंच्या गटातही एकाला सुवर्ण मिळतेच.

कौशल्याच्या दाव्याचे सर्वांत टोकाचे रूप म्हणजे न स्पर्शता माणूस पाडणे. यानागी र्युकेन हे जपानी गुरू नुसत्या हातवाऱ्याने शिष्यांच्या रांगा लोळवत. २००६ मध्ये त्यांनी एका व्यावसायिक लढवय्याशी सामना स्वीकारला आणि थोड्याच वेळात ते रक्तबंबाळ होऊन हरले. चीनमध्ये २०१७ साली चेंगडू शहरात श्यू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या शिक्षकाने ताई-ची गुरू वेई लेई यांना अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडले. अशा घटनांत सामन्याच्या निकालाहून माणसाच्या मनाबद्दल जे कळते ते महत्त्वाचे आहे. यानागींचे शिष्य पैसे घेऊन पडत नसावेत. गुरूने हात हलवला की पडायचे, ही सवय वर्षानुवर्षे अंगात मुरली असावी. जो पडत नाही त्याच्या साधनेत काही कमी आहे असे मानले जात असावे. गुरूंनाही आपल्यात शक्ती आहे असे मनापासून वाटत असावे, नाहीतर त्यांनी सामना घेतलाच नसता. प्रश्न न विचारणारे शिष्य गुरूलाही फसवतात.

आपल्याकडे या आंधळेपणाला एका जुन्या म्हणण्याचा आधार मिळतो: वस्ताद एक डाव राखून ठेवतो. तालमीत त्याला अर्थ होता. शिष्य उर्मट होऊन उलटला तर त्याला जमिनीवर आणण्यापुरता तो डाव असे, आणि वेळ आली तर तो मैदानात दाखवावा लागे. आज ‘ही गुप्त विद्या आहे, योग्य वेळी देईन’ असे सांगून वर्षानुवर्षे फी घेतली जाते. जो डाव कधीच, कोणावरच, कोणीही चालताना पाहिला नाही, तो आहे असे धरून चालण्याचे कारण नाही.

शिकवणे ही वेगळी विद्या

समजा, सरांची परंपरा चोख आहे आणि हातही पक्का आहे. तरी तिसरा प्रश्न उरतोच. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांनी सचिन तेंडुलकरसह कितीतरी खेळाडू घडवले, १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गोविंद पुरंदरे यांनी घडवले, आणि पुरंदरे काही ऑलिम्पिकवीर नव्हते. पंचावन्न वर्षांचे सर पंचवीस वर्षांच्या पोराशी लढून जिंकतील का, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला शिकवण्याच्या दृष्टीने गैरलागू आहे. म्हणून श्यू श्याओदोंगसारखी आव्हाने कुर्ल्यातल्या शिक्षकाला लावणे अन्यायाचे ठरेल. त्याची परीक्षा त्याच्या मुलांत पाहावी.

नेहरूनगरमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बेल्ट परीक्षा पाहताना मला हा फरक स्पष्ट दिसला. एका गटातली मुले मोठ्याने ओरडत ठोसे मारत होती, पण मूठ वळवताना अंगठा आत दाबला जात होता आणि मनगट खाली वाकत होते. तशी मूठ खरोखर कुठे लागली तर अंगठा मोडेल. त्यांना कोणी अडवले नाही आणि सगळ्यांना पुढचा रंग मिळाला. दुसऱ्या गटाच्या बाई आवाज न चढवता एकेका मुलाचे मनगट धरून सरळ करत होत्या. मग त्यांनी मॅट अंथरली आणि पडायला लावले. हनुवटी छातीकडे, पाठ गोल, तळवा जमिनीवर सपकन. एक मुलगी घाबरली तेव्हा तिला आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने असे पायरीपायरीने पडायला शिकवले. त्या परीक्षेत दोन मुले नापास झाली, आणि त्यांना काय सुधारायचे ते कागदावर लिहून मिळाले. त्या बाईंच्या कमरेला कितवा डॅन होता ते मी विचारले नाही. नीट पडता येणे हे मुलाला आयुष्यभर, ओल्या जिन्यावरसुद्धा, उपयोगी पडणार आहे.

जिथे सगळी मुले दर तीन महिन्यांनी पास होतात, आणि परीक्षेची फी, बेल्टचे पैसे व प्रमाणपत्राचे पैसे वेगवेगळे घेतले जातात, तिथे परीक्षा कोणाच्या गरजेसाठी आहे हे ओळखावे. ‘सर, पुढचा बेल्ट कधी?’ हा पालकांचा हट्टही त्याला तितकाच जबाबदार आहे.

मुलींच्या स्वसंरक्षणाचा दावा याहून काटेकोरपणे तपासायला हवा, कारण तिथे खोट्या आत्मविश्वासाची किंमत भयंकर असते. एका दिवसाच्या शिबिरात मनगट सोडवण्याचे दहा डाव शिकवून ‘आता तुम्ही सुरक्षित आहात’ असे सांगणारे कमी नाहीत. या बाबतीत चांगला पुरावा उपलब्ध आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींना एकूण १२ तासांचे प्रशिक्षण दिले गेले आणि वर्षभराने निकाल पाहिला गेला. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण न मिळालेल्या गटात बलात्काराचे प्रमाण ९.८ टक्के होते, प्रशिक्षित गटात ५.२ टक्के. त्या बारा तासांत हाणामारीला थोडाच वेळ होता. धोका लवकर ओळखणे, ओळखीच्या माणसाच्या बाबतीतही आपल्या शंकेवर विश्वास ठेवणे, ठामपणे आणि मोठ्याने नाही म्हणणे, आणि मग गरज पडल्यास मारणे, असा तो क्रम होता. जो शिक्षक मुलींना फक्त डाव शिकवतो आणि ओरडायला शिकवत नाही, त्याने या विषयाचा अभ्यास केलेला नाही.

शिक्का कोणाचा, साक्ष कोणाची

कुर्ल्यातल्या पालकाला आणखी एक व्यवहार सांभाळावा लागतो. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. त्यामुळे पदकाच्या कागदाला रोख किंमत आली, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली. कराटेत तर देशपातळीवरच गोंधळ झाला. २०२० मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढली, आणि जागतिक महासंघानेही तिच्यावर कारवाई केली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेला पहिल्यांदा स्थान मिळणार होते त्याच सुमारास हे घडले. म्हणून मुलाला ‘राष्ट्रीय’ स्पर्धेला पाठवण्यापूर्वी, तिचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. एक फेरी पडेल, पण पोराची दोन वर्षे वाचतील.

आणि गेटबाहेरच्या चर्चेचे काय? तिच्यातली प्रत्येक साक्ष कोणाची आहे ते पाहून तोलावी. शेजारच्या गल्लीत स्वतःचा क्लास चालवणारा, भांडून बाहेर पडलेला शिष्य, सरांवर जीव टाकणारा विद्यार्थी, तिघांचेही म्हणणे ऐकावे, पण तिघांच्याही म्हणण्याला कागदाचा किंवा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा आधार मागावा. ‘असं म्हणतात’ एवढ्यावर माणसाची वर्षानुवर्षांची मेहनत धुळीला मिळवू नये. परंपरेबद्दल शंका असेल तर देणाऱ्या संस्थेला पत्र लिहून विचारता येते, आणि शिक्षकाला तोंडावर विचारणे त्याहून सरळ.

एका बाबतीत मात्र पुराव्याची वाट पाहत बसायचे नाही. शिकवताना मुलांना हात लावावाच लागतो. म्हणूनच वर्ग पालकांना दिसेल असा हवा, मुलाला एकटे बोलावणे नको, शिक्षा म्हणून मारणे नको. मुलाने काही गैर सांगितले तर सरांचा डॅन, त्यांची पदके, त्यांचे उपकार यांपैकी काहीही आड येऊ देऊ नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

चांगले शिक्षक कुर्ल्यात आहेत. आपल्या तुटपुंज्या कमाईतून मॅट घेणारे, फी नसलेल्या पोरालाही रांगेत उभे करणारे, आपल्याला जे येत नाही त्यासाठी मुलाला दुसऱ्याकडे पाठवणारे. खोट्या बिरुदांचा सर्वांत मोठा तोटा त्यांनाच होतो, कारण पत्रकावर त्यांची खरी वीस वर्षे आणि दुसऱ्याचा विकत घेतलेला डॅन शेजारी शेजारी सारखेच दिसतात. आपण प्रश्न विचारू लागलो तरच हा फरक दिसेल. पहिल्या दिवशी फी भरण्याआधी सरांना तीन गोष्टी विचाराव्यात: तुमचे गुरू कोण, तुमचा सर्वांत जुना विद्यार्थी आज कुठे आहे, आणि मी तासभर मागे बसून वर्ग पाहू का? ज्याने खरोखर घाम गाळला आहे तो पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आनंदाने देईल, आणि तिसऱ्यासाठी स्वतःच खुर्ची आणून ठेवील.